पितळी तोंडाची गाडी

मंगळवारी सकाळी पप्पा गेले. आईने चहा टाकला होता, तो गाळला नाही. मी दादाला फोन केला. दादा मनवेलपाड्याहून आला. दुपारी देवळाची घंटा वाजली. संध्याकाळी आम्ही पप्पांना पुरलं आणि घरी आलो. गाडी अंगणात होती.

आमच्या गावातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. घरापासून देवळापर्यंत केळीच्या बागांमधून जाणारा एक अरुंद रस्ता आहे. वाटेत एक विहीर, एक वळण, मग पांढरा मनोरा, आणि मनोऱ्याच्या मागे दफनभूमी. वाट फार नाही. पण आईचा गुडघा दुखायला लागल्यापासून पप्पा दर रविवारी तिला मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, गाडीतून न्यायचे. एवढ्याशा वाटेसाठी गाडी काढतात म्हणून लोक हसायचे. पप्पा काच खाली करून त्यांना हात दाखवायचे, आई समोर बघत बसायची. तिच्या मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक असायचं आणि पायाशी देवळात द्यायची फुलं.

गाडी पांढरी, छोटी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. पप्पांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली होती. वाडीतली केळी आणि विड्याची पानं सोडली तर त्यांचं लक्ष दोनच गोष्टींत असे, ही गाडी आणि गावचा बँड. लग्न असो वा मयत, पप्पा ट्रम्पेट घेऊन रांगेत उभे राहायचे. त्यांच्या स्वतःच्या मयतीला बँडवाल्यांनी रांगेतली त्यांची जागा मोकळी ठेवली होती. ती मोकळी जागा आमच्यापुढून हळूहळू चालत गेली असं मला त्या दिवशी वाटलं, आणि अजून कधीकधी दुपारी डोळा लागला की ती तशीच चालत जाताना दिसते.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलं नाही, आईपप्पांजवळच राहिले. माझा दिवस शांत असतो. पुस्तकं येतात, जातात, बरीचशी जात नाहीत. पप्पा गेल्यावर मी सुट्टी संपवून कामावर रुजू झाले, आई घरात राहिली. ती स्वयंपाक करी, फुलं खुडी, शेजारणीशी बोले. पण दफनभूमीत ती पुन्हा गेली नाही. पप्पांना महिना झाला त्या दिवशीच्या मिस्साला म्हणाली, गुडघा धरलाय. त्यांच्या वाढदिवसाला म्हणाली, पाऊस आहे. मी एकटीच जाऊन कबरीवरचं गवत उपटून येत असे. घरी आले की ती विचारायची, "माती खचली का गं?" मी म्हणायची, "थोडी." मग ती तांदूळ निवडायला घ्यायची.

आई आमच्या घरच्या बोलीत बोलते. तिचं बोलणं इथे लिहिताना मी ते सगळ्यांना कळेल अशा मराठीत आणते आहे. त्यात थोडं काही सांडतं, त्याला इलाज नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी दादा जेवायला आला. जेवता जेवता म्हणाला, "दिवाळीनंतर भंगारवाल्याला बोलावतो. गाडी उभी राहून कुजतेय. अंगण तरी मोकळं होईल."

आई भात वाढत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "मृतांच्या दिवशी मी पप्पांकडे जाणार आहे."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला आमच्याकडे सगळ्या कबरी धुतात, फुलांनी झाकतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात आणि तिथेच मिस्सा होते. त्या दिवशी न जाणं म्हणजे घरात कोणी गेलंच नाही असं वागणं.

"जाऊ ना," दादा म्हणाला. "मी येतो न्यायला."

"आपल्या गाडीतून जाणार."

"आई, माझी गाडी आपली नाही का? एसी आहे."

"एसीत बसून मला रडू येत नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. आई भाताचं भांडं घेऊन आत गेली आणि आतून तिचा आवाज आला, "ती गाडी चालू करा. नाही झाली तर मी इथेच मेणबत्ती लावीन, पायरीवर. पुढच्या वर्षीही."

दादा हात धुताना मला म्हणाला, "तू तिला समजाव. ती गाडी आता निघत नाही. इंजिनात पण बघितलं नाहीये कोणी."

त्याच दुपारी मी बॉनेट उघडलं. आत घरटं होतं. इंजिनाच्या वर हवा गाळायचा जो प्लॅस्टिकचा काळा डबा असतो, तो उंदरांनी एका बाजूने कुरतडून टाकला होता. आतला कागदी फिल्टर त्यांनी बारीक फाडून त्याची गादी केली होती, तिच्यात वाळलेली केळीची पात, कापूस, कुठल्याशा लाल कापडाचे धागे. उंदीर नव्हते. बाहेरची हवा आत आणणारा रबरी पाइप तर नावालाही उरला नव्हता. मी ती गादी हातात घेतली. ती कोरडी, हलकी आणि उबदार होती. कागदाचं असं काही होऊ शकतं हे ग्रंथालयात इतकी वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हतं.

बाकी इंजिन शाबूत होतं. बॅटरी मी विरारला नेऊन चार्ज करून आणली. दादाच्या इमारतीजवळच्या गॅरेजवाल्याला फोटो दाखवले. त्याने फोनवर दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"मॅडम, हा डबा आता येत नाही. पार्टच बंद झाला."

"दुसऱ्या गाडीचा बसेल का?"

"बसवला तर बसेल, पण कंपनीचं फिटिंग नाही राहणार. जुगाड होईल." मग हसून म्हणाला, "नाहीतर असं करा, गाडीला मास्क लावा. तुमच्याकडे पडले असतील ना करोनाच्या वेळचे."

मी घरी आले. पावसाळ्यानंतरचं ते ऊन होतं, ज्यात प्रत्येक पान वेगळं दिसतं. अर्नाळ्याकडून वारा आला की त्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असतो. मी कॉलेजातून मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, जे कोणी कधी नेत नाही. गाडीच्या पुढच्या सीटवर बसून मी ते वाचू लागले. त्यात लिहिलं होतं की इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा पितं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. इतके दिवस मला वाटत होतं गाडी पेट्रोलवर चालते. ती चालते मुख्यतः आपल्यासारखीच, हवेवर. सीटला अजून पप्पांच्या केसांच्या तेलाचा वास होता. केळीच्या पानांची सावली डॅशबोर्डवर हलत होती आणि मला वाटलं, गाडी चालते आहे, फक्त मलाच कळत नाही.

आई खिडकीशी आली. "काय वाचतेस?"

"हवा कशी आत जाते ते."

"त्यात काय वाचायचं? वाडीतल्या इंजिनाची हवा मी साफ करायची. चल."

वाडीच्या टोकाला पंपाची खोली आहे. विजेची मोटर येण्याआधी तिथे तेलावर चालणारं इंजिन होतं, अजूनही आहे, गंजून एका जागी बसलेलं. त्याच्या अंगावर एक लोखंडी गाळणी टांगलेली होती. खाली वाडगं, वाडग्यात तेल घालायचं, वर काथ्याचा बोळा. आईने कडी सोडून ते वाडगं काढून दाखवलं. तळाशी काळा, घट्ट, कुठल्या काळचा गाळ होता.

हवा वरून खाली येते, तेलाला शिवते आणि झटकन वळून काथ्यातून वर चढते. धुळीला तसं वळता येत नाही, ती तेलात राहते. मी पुस्तकात शोधलं तर हेच शेवटच्या पानांत, जुन्या पद्धती या मथळ्याखाली होतं. आई म्हणाली, "बघ, आहे ना. मग पुस्तक बरोबर आहे तुझं."

तीच गाळणी गाडीला बसवायची ठरली आणि तिथून आम्ही दोघींनी ते काम घेतलं. रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की चहा व्हायचा आणि मग आम्ही बॉनेट उघडून उभ्या राहायचो. वाडगं आईने रॉकेल नव्हतं म्हणून डिझेलने धुतलं. काथ्या नवा घातला, आमच्याच नारळाचा, कुटून, पिंजून, वाळवून. गाळणीपासून कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जिथे हवा पेट्रोलमध्ये मिसळते त्या भागाच्या, तोंडापर्यंत जोड हवा होता, तर मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून त्याची चकती केली आणि खाली सायकलच्या ट्यूबची रबरी कडी लावली. पत्रा कापताना आई म्हणायची, "हात सांभाळ, उद्या पुस्तकांना रक्त लागेल."

पाइपाचं मात्र आम्हा दोघींचंही चुकलं. अंगणात पाणी घालायचा हिरवा पाइप जरा जाड वाटला, तो लावला. गाडी चालू केली, इंजिनाने एक घोट घेतला आणि पाइप दोन्ही बाजूंनी चिकटून सपाट झाला. इंजिन गुदमरून बंद पडलं. आम्ही दोघी त्या चपट्या पाइपाकडे बघत राहिलो. मग आई पंपाच्या खोलीकडे बघायला लागली आणि मीही. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या आत तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे तो ओढला तरी मिटत नाही. तसला जुना तुकडा तिथे पडला होता. तो बसला.

सांध्यातून हवा चोरून आत जाते का हे बघायला मी जुन्या पुस्तकांत चित्रांवर घातलेला असतो तसला पातळ कागद वापरला. इंजिन चालू ठेवून त्याची पट्टी प्रत्येक सांध्याजवळ धरायची. सांधा गळका असेल तर कागद आपणहून तिकडे वळतो आणि चिकटतो. एका सांध्याशी तो अलगद वळला. आईने श्वास रोखला. जणू आत कोणी आहे आणि त्याने कागद हातात घेतला. मी क्लिप आवळली आणि कागद सुटला.

कुंपणापलीकडे शेजारची काकी कपडे वाळत घालत होती. "काय गं, मायलेकींनी गॅरेज काढलंय की काय? माझा मिक्सर पण बघा जरा!"

"आण," आई म्हणाली. "पण आधी मसाला धुऊन आण. मागच्या वेळी हाताची आग झाली होती."

राहिलं होतं फक्त पाइपाचं तोंड. उघड्या पाइपात पान जाऊ नये, हवा सरळ शिरावी, म्हणून पुढे काहीतरी फाकलेलं हवं होतं. मी स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं नरसाळं लावलं. ते थरथरून सुटलं आणि पंख्यात जाऊन त्याचे तुकडे झाले.

"माझं नरसाळं!" आई म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पप्पांचा जुना ट्रम्पेट होता.

त्या ट्रम्पेटची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एका लग्नाहून परत आल्यावर पप्पांनी तो पेटीसकट गाडीच्या मागे जमिनीवर ठेवला, कोणाशी तरी बोलले, मग गाडीत बसले आणि रिव्हर्स घेतला. कळा आणि नळ्या चपट्या झाल्या, फक्त तोंडाचा भोंगा वाचला. पप्पांनी दुसरा घेतला, जो आता बँडमधलं दुसरं कोणी वाजवतं. पण हा त्यांनी मागच्या ओटीवर खिळ्याला टांगून ठेवला होता. कोणी विचारलं की म्हणायचे, "गाडीला भूक लागली होती."

मी करवत घेतली आणि नुसती धरून उभी राहिले.

"काप," आई म्हणाली.

"आई, तो आपण असाच..."

"तुझे पप्पा असते तर त्यांनीच कापला असता. बोट पण कापून घेतलं असतं आणि मला हळद आणायला पळवलं असतं. काप."

जिथे भोंग्याची जाडी पाइपाएवढी होत होती तिथे मी खूण केली. पितळ कापताना बारीक सोनेरी भुसा पडतो. तो आईच्या पदरावर पडत राहिला, तिने तो झटकला नाही. भोंगा बसवायला बॅटरीच्या शेजारी जागा होती, तिथे तो आकाशाकडे तोंड करून बसला. आईने त्याला चिंच लावून घासलं.

गाडी चालू केली. एक आवाज आला. तो ट्रम्पेटचा आवाज नव्हता, तसं मी म्हणणार नाही. कोणी रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा तो होता, खोल, एकाच जागी थांबलेला. अॅक्सिलरेटर जरा दाबला की तो वर सरकायचा. मी तो खाली-वर करत राहिले. आई बॉनेटला हात लावून उभी होती. संध्याकाळचं ऊन भोंग्यात साठलं होतं आणि वाटत होतं की गाडी हवेबरोबर तेही आत ओढून घेते आहे.

गल्लीत फेरी मारली तेव्हा कळलं की गाडी हळू चालते. वाडीचं इंजिन केवढंसं, त्याची गाळणी केवढीशी. तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलं की दम लागायचा. आई म्हणाली, "चालेल. आपल्याला कुठे लग्नाला पोचायचंय?"

मग दुसरी तारीख आली. सकाळी मी गाडी चालू करून गरम होऊ दिली. संध्याकाळी दगा नको म्हणून. फुलांच्या टोपल्या भरून झाल्या होत्या. इंजिन चालूच ठेवून मी मागची काच पुसत होते. आमच्याकडे नवी गाडी आणली की तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. आईच्या दृष्टीने ही गाडी नवीच होती. देवळातून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली तिने देव्हाऱ्यातून काढली, टायरांवर शिंपडलं, स्टिअरिंगवर शिंपडलं, आणि मग उघड्या बॉनेटपाशी आली. तिथे तिला भोंगा दिसला. पितळी, लखलखीत, आकाशाकडे उघडा. देवळात शिरताना दाराशी बोटं बुडवायची जी वाटी असते, हुबेहूब तशी. तिने बाटली त्यात उपडी केली.

इंजिनाने ते घटाघटा पिऊन टाकलं.

आधी एक ढेकर आला. मग गाडी जोरात हलली, मागच्या नळीतून धुराचा एवढा मोठा लोट निघाला की मी त्यात दिसेनाशी झाले, आणि मग सगळं शांत झालं. धुरापलीकडून काकीचा आवाज आला, "गेली का गं?"

"कोण?" मी ओरडले.

"गाडी!"

धूर विरला तेव्हा आई रिकामी बाटली घेऊन उभी होती. "मला वाटलं," ती म्हणाली, "आतपर्यंत जाऊ दे आशीर्वाद."

मला हसू आलं. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत. आईच्याही ओठांची कड हलली. मी बसून किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. पुन्हा फिरवली. आईचे ओठ मिटले. तिसऱ्यांदा तिने मला हाताने थांबवलं, बाटली ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी दाराशी गेले. "आई, होईल दुरुस्त."

"राहू दे."

"दादाला बोलावू?"

"नको. मी पायरीवर लावीन मेणबत्ती."

तिची पाठ मला फार छोटी दिसली. मी परत अंगणात आले. पुस्तक उघडलं, पण पाणी प्यायलेल्या गाडीचं काय होतं हे पुस्तकाला माहीत असण्याची शक्यता नव्हती. विचार केल्यावर कळलं. पाणी वाडग्यात उतरलं असणार, पाणी खाली राहतं, तेल वर चढतं, ते काथ्यातून थेट इंजिनात गेलं. मी कडी सोडून वाडगं काढलं. आत ताकासारखं पांढुरकं काहीतरी डुचमळत होतं. मी ते घेऊन मोरीकडे निघाले.

"मोरीत ओतू नकोस!" आतून आवाज आला. खिडकीतून तिने बघितलं असावं. "पवित्र पाणी आहे ते!"

पवित्र पाणी उरलं तर ते गटारात जाता कामा नये, मातीत, झाडाला घालायचं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हटलं, "आई, यात तेल आहे. झाड मरेल."

"मग तेल काढ."

"कसं काढू?"

मग खाट वाजली. आई केस बांधत बाहेर आली, माझ्या हातातलं वाडगं घेतलं, नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं. "हे असं वाडग्यात ठेवून वेगळं व्हायचं नाही. दुधाची पिशवी आण, धुतलेली."

ते सगळं पिशवीत भरून आम्ही पिशवी जांभळाच्या फांदीला बांधली आणि खाली बसलो. दुपार झाली होती. वाडीत काही हलत नव्हतं. पिशवीतलं गढूळ पांढरं हळूहळू, अगदी हळूहळू वेगळं होऊ लागलं. वर काळसर तेल, खाली पाणी, मध्ये दोघांपैकी कोणीच नाही अशी एक धूसर पट्टी. मला आठवत नाही त्याआधी आम्ही दोघी इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघत कधी बसलो होतो. मला मध्येच डुलकी लागली असावी, कारण मी पप्पांना त्या पिशवीखाली उकिडवं बसलेलं बघितलं, मान वर करून, बँडमध्ये वाजवायची पाळी यायची वाट बघताना बसायचे तसे.

"बाय, उठ," आई म्हणाली. "झालं."

तिने पिशवीच्या खालच्या टोकाला सुई टोचली. पाणी बारीक धारेने तांब्यात उतरलं, धूसर पट्टी टोकाशी आली तशी तिने भोक चिमटीत धरलं. तेल डब्यात गेलं. तांब्या घेऊन ती वाडीतल्या विहिरीजवळच्या सोनचाफ्यापाशी गेली आणि ते पाणी बुंध्याला घालून क्रूसाची खूण केली. परत येताना तिचा चेहरा निराळा होता. तिने पदर खोचला.

"प्लग काढलेस का?"

"नाही अजून."

"मग काय, तेही मी झोपल्यावर काढणार होतीस?"

प्लग तेलाने काळे झाले होते. तिने ते पॉलिश पेपरने घासले, मी पाइप आणि काथ्या वाळवला, वाडग्यात नवं तेल घातलं. भोंगा मी फिरवून बसवला, तोंड जमिनीकडे. आई म्हणाली, "हां. आता मी काही घालू शकत नाही." ऊन कलत होतं. किल्ली फिरवताना मी तिच्याकडे बघितलं नाही, तीही माझ्याकडे बघत नव्हती. दोन वेळा काही झालं नाही. मग धूर, मग एक खोकला, मग तो हुंकार.

आई आत गेली आणि काळी साडी नेसून आली.

रस्त्यावर सगळं गाव देवळाकडे निघालं होतं. हातात फुलं, मेणबत्त्यांची पाकिटं, लहान मुलांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. त्या गर्दीत आम्ही चालणाऱ्यांच्या वेगाने जात होतो. आई पुढच्या सीटवर, पायाशी फुलं. लोक बाजूला होत आणि आवाज ऐकून वळून बघत. विहीर गेली, वळण गेलं. मला वाटत होतं रस्ता संपूच नये, हा हुंकार असाच, आणि दोन्हीकडून माणसं फुलं घेऊन अशीच जात राहावीत.

दफनभूमीच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

"तू जा," मी म्हटलं. "मी इथेच थांबते, चालू ठेवून. बंद केली आणि परत चालू झाली नाही तर?"

आईने दार उघडलं नव्हतं. आत शेकडो ज्योती हलत होत्या. तिचे हात प्रार्थनेच्या पुस्तकावर होते. मला वाटलं, आता ती म्हणेल, घरी चल.

"बंद कर," ती म्हणाली. "तूही चल. नाही चालू झाली तर चालत जाऊ."

मी किल्ली फिरवली. हुंकार थांबला आणि आतून मिस्साच्या गाण्याचा आवाज आला. आई माझा खांदा धरून उतरली.

कबरीपाशी दादा आधीच आला होता. त्याने कबर धुऊन ठेवली होती. आईने खाली वाकून मातीवर तळहात ठेवला, जसा ती आमच्या तापाला कपाळावर ठेवायची. "खचली आहे," ती म्हणाली, "पण फार नाही." मग तिने फुलं मांडली, टोपली रिकामी होईपर्यंत, आणि तेव्हा ती रडली. दादाने आणि मी मेणबत्त्या धरून ठेवल्या, वारा होता.

मिस्सा संपल्यावर गाडीजवळ येताना दादाने विचारलं, "तो आवाज कसला होता? फाटकापासून ऐकू आला."

"पप्पांचा ट्रम्पेट. कापला आम्ही."

त्याने बॉनेट उघडलं आणि मोबाइलच्या उजेडात वाकून बघत राहिला. पत्र्याचं झाकण, पंपाचा पाइप, लोखंडी वाडगं, खाली तोंड केलेलं पितळ. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मग तो म्हणाला, "डावीकडची क्लिप ढिली आहे." आणि ती बोटांनी आवळून त्याने बॉनेट हळूच लावलं.

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. पण आई बसली नाही. ती काकीबरोबर आणि गावातल्या बायकांबरोबर पुढे चालायला लागली होती. मी खिडकीतून हाक मारली. तिने मागे न वळता हात हलवला, ये मागून, असा. मग मी त्यांच्या मागून गाडी नेली, पहिल्या गिअरमध्ये, दिव्यांच्या उजेडात त्या सगळ्या पाठी, पांढऱ्या आणि काळ्या साड्या, आणि आईचं किंचित लंगडणारं पाऊल. भोंगा जमिनीजवळून एकच सूर धरून होता. घर येईपर्यंत कोणी मागे वळून पाहिलं नाही.

भंगारवाला आला नाही. दादाने त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. गाडी अंगणात आहे. महिन्यातून एकदा आई वाडग्यातलं तेल बदलते. रविवारी मी गाडी चालवते, ती शेजारी बसते, आणि मिस्सानंतर आम्ही पप्पांच्या कबरीवर फुलं ठेवून घरी येतो.